काठावरच्या शिवकन्याबाई

आजच्या या सेवापूर्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचा भार इतकी वर्षं वाहणारे माननीय मुबश्शीरभाई, व्यासपीठावर विराजमान सरपंच पुजाताई, निवृत्त केंद्रप्रमुख थावरा राठोड गुरुजी, ज्यांच्यासाठी आपण सगळे मे महिन्याच्या या उन्हात पत्र्याच्या सभागृहात घाम पुसत बसलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आमच्या मुख्याध्यापिका शिवकन्याबाई खंदारे, त्यांच्या शेजारी नव्या टोपीत अवघडून बसलेले त्यांचे यजमान दत्तराव काका, शिक्षकवृंद, गोरेगावचे आणि पंचक्रोशीतले ग्रामस्थ, माता-भगिनी, आणि सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या छोट्या दोस्तांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालक सरांनी माझी ओळख करून देताना 'गोरेगावचं नाव मुंबईत नेणारे दिग्दर्शक विश्वंभरराव' असं म्हटलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला शालही दिली. ती मी खुर्चीवर ठेवून आलो आहे. उकाडा आहे म्हणून नव्हे. गोरेगावचं नाव मी मुंबईला नेलं हे खरं, पण तिथं नेऊन त्या नावाचं मी काय केलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. बाईंना ठाऊक आहे. तरी त्यांनी निमंत्रण पत्रिकेत माझं नाव घालू दिलं. तेव्हा मला दिलेली पाच मिनिटं थोडी वाढतील. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवू नये ही नम्र विनंती.

मी चौथीत होतो तेव्हा बाई आमच्या शाळेवर नव्यानं आल्या. पहिल्या दिवशी वर्गात कुजबुज सुरू झाली, "ह्या बाई मेलेल्या हायेत." मी धीट होतो, किंवा मूर्ख म्हणा. हात वर करून विचारलं, "बाई, तुमी तर पिक्चरमध्ये मेल्या होत्या. मग पुन्हा काहून आल्या?"

बाई म्हणाल्या, "पाढे घ्यायला. उभा राहा. सतराचा म्हण."

सतराचा पाढा मला आजही पाठ आहे. पण माझ्या त्या प्रश्नानंतर खडू उचलताना बाईंचा हात थोडा थांबला होता, तेही आठवतं. चौथीतल्या पोराला त्याचा अर्थ कळायचा नाही.

इथं जी लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी सांगतो. बाई सात वर्षांच्या होत्या तेव्हा, म्हणजे एकोणीसशे पंच्याहत्तर साली, आपण परभणी जिल्ह्यात होतो त्या काळात, कयाधूच्या काठी एका पिक्चरचं शूटिंग झालं. 'पैलथडीची सून'. गोष्ट साधीच. सासूनं सुनेला घराबाहेर काढलेलं असतं. सून नदीच्या पलीकडच्या गावात राहते. तिची पोरगी चिमी आईचे निरोप घेऊन आज्जीकडं येत-जात असते. शेवटी नदीला पाणी असतं, आज्जी अलीकडच्या काठावर उभी असते, आणि चिमी पलीकडून विचारते, "आज्जी, मी येऊ का?" आज्जीनं हट्टापायी बोलणंच टाकलेलं असतं. ती काही बोलत नाही. 'ये' म्हणत नाही आणि 'येऊ नको'ही म्हणत नाही. पोरगी पाण्यात उतरते आणि बुडते. डोळे उघडे ठेवून पाण्याखाली गेलेल्या त्या पोरीच्या चेहऱ्यावर पिक्चर संपतो.

ती चिमी म्हणजे आपल्या शिवकन्याबाई.

तंबूच्या टॉकीजमध्ये हा पिक्चर लागला की बायका पडद्याकडं बघून ओरडायच्या, "बोल की गं म्हातारे! येऊ नको म्हण की!" माझी आईही ओरडली आहे. इथं बसलेल्या कितीतरी आज्ज्या ओरडल्या असतील. सेनगावला, कळमनुरीला, हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत, जिथं जिथं हा पिक्चर लागला तिथं लोक रडले. आणि मग आठवडी बाजारात हीच पोरगी बापाचं बोट धरून मिरच्या घेताना दिसली की बाया तिच्या गालावर हात फिरवायच्या आणि पुन्हा रडायच्या. तिच्या हातात गूळ ठेवायच्या. तिला जिवंत बघून कुणाला आनंद झाला नाही, मंडळी. सगळे हळहळलेच.

बाई मोठ्या झाल्या, डी.एड. झाल्या, स्थळं येऊ लागली. एका बाईनं तोंडावर सांगितलं, "पोरगी गुणाची हाय, पण आमी हिला मेलेली बघितली हाय. मेलेलं माणूस घरात कसं घ्यावं?" अशी आठ स्थळं गेली. नववे आले आमचे दत्तराव काका. काका पिक्चरला गेले होते, पण मध्यंतराच्या आधीच झोपले. शेवट त्यांनी पाहिलाच नव्हता. काका, बराबर ना? काका मान हलवताहेत. हसा, हसा. हसण्यासारखंच आहे. काकांनी अजूनही तो पिक्चर पाहिलेला नाही. लग्नात तेवढी एकच अट बाईंनी घातली होती.

आता पुढचं सांगतो.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीच्या सुटीत मी गावी आलो होतो. मुंबईत मी तेव्हा मालिकांचे भाग काढत होतो, दिवसाला एक. बाईंना भेटायला शाळेत गेलो. त्या एकट्याच बसून पोषण आहाराच्या नोंदी करत होत्या. मी सहज विचारलं, "बाई, सात वर्षांच्या पोरीनं तसा अभिनय कसा केला हो? आमच्याकडं चाळीस वर्षांच्या लोकांना जमत नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "अभिनय नव्हता त्यो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ठरल्याप्रमाणे त्यांना गुडघाभर पाण्यात बसायचं होतं. त्यांचे वडील ग्यानबा काठावर उभे होते, कारण शूटिंगला बैलगाडी त्यांचीच होती. नदीचा आवाज टेप होत होता. दिग्दर्शकांनी वडिलांना बजावलं होतं, "ग्यानबा, खोकायचंसुद्धा नाही. सगळी मेहनत वाया जाईल." ते दिग्दर्शक आज हयात नाहीत. मोठा माणूस होता, त्यांचं नाव मी या प्रसंगात घेणार नाही. पोरीचा पाय शेवाळावरून सरकला आणि ती खोल डोहात गेली. बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगतो. "मला वर उजेड दिसत होता. उजेडात बा दिसत होता. बानं आपलं उपरणं तोंडात कोंबलं होतं."

ओरडू नये म्हणून.

'कट' म्हटल्यावर कुणीतरी उडी मारली आणि पोरीला काढलं. तोच चेहरा पिक्चरमध्ये गेला. आपण सगळे ज्याच्यावर रडलो तो एका खऱ्या पोरीचा खरा जीव जात असतानाचा चेहरा आहे.

त्यानंतर ग्यानबांना एक सवय लागली. पोरगी नजरेआड झाली की हाक मारायचे, "शिवे, हाईस का?" तिनं "हाय" म्हटलं की गप्प व्हायचे. लग्न होऊन सासरी गेली तर रोज संध्याकाळी पंचायतीतल्या फोनवर जाऊन विचारायचे, "शिवे, हाईस का?" दुसरं काही बोलायचे नाहीत. शेवटी अंथरुणाला खिळले, ओळख गेली, तरी समोर बसलेल्या लेकीलाच विचारायचे. बाई म्हणाल्या, "दिवसातून शंभरदा 'हाय' म्हणत होते मी. कवा कवा मलाच खरं वाटंना."

त्या दिवशी शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना मी ठरवलं की मला हा पिक्चर काढायचा. बाईंचा. ग्यानबांचा. दुसरं काही काढलं नाही तरी चालेल. पुढच्या प्रत्येक सुटीत मी आलो. बाईंनी सांगितलं, मी लिहिलं. दोन वर्षांत पटकथा झाली. बाईंनी ती तांबड्या शाईनं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकशे चौदा चुका निघाल्या. गोष्टीतली एकही नाही.

ती पटकथा घेऊन मी सात निर्मात्यांकडं गेलो. आठव्यानं वाचली. ते म्हणाले, "हे मी करतो. पण आधी तुम्ही माझं एक काम करा. 'पैलथडीची सून'चे हक्क माझ्याकडं आहेत. तो रंगीत काढा, नव्यानं. तो चालला की लगेच तुमच्या बाईंचा पिक्चर. लेखी देतो."

मी म्हटलं, "शेवट बदलला तर?"

"शेवटासाठीच लोक येणार. शेवट तोच, चेहरा तसाच. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

ज्या प्रसंगानं एका माणसाचं आयुष्य झाकोळलं, त्याची गोष्ट सांगायला मिळावी म्हणून तोच प्रसंग पुन्हा उभा करायचा. मला हे तेव्हा कळलं नसेल का? कळलं होतं, मंडळी. मी स्वतःला समजावलं की आता काळ बदलला आहे, पाणबुडे असतात, दोर असतो, पुतळे असतात. आणि सही केली.

बाईंकडं आलो. मला त्यांच्या शाळेतली एक मुलगी हवी होती आणि त्या स्वतः हव्या होत्या, आज्जीच्या भूमिकेत. बाईंनी सरळ 'न्हाई' म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"विश्वंभर, मी करते."

"बाई, मन कसं बदललं?"

"मी न्हाई म्हटलं तरी तू पिक्चर काढणारच. कोणाची तरी पोर पाण्यात उतरवणारच. मग काठावर मी असलेली बरी. मी असन तर पोरीला काही व्हायचं न्हाई."

त्यांनी रीतसर परवानगी काढली आणि मला मुलगीही दिली. दुसरीतली राजनंदिनी. ती आज इथं नाही, आजोळी कळमनुरीला गेली आहे. ते आधी विचारून घेऊनच मी बोलायला उभा राहिलो. तिचे वडील भागवतराव आणि आई संगिताताई समोर बसले आहेत. त्यांच्या घरी बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. निघताना उंबऱ्यात थांबून त्यांनी मला सांगितलं, "ह्या लोकायनं माझ्याकडं बघून पोर दिली. मी तुझ्या भरवशावर देऊन राहिले. तिचा पाय जमिनीवरून सुटता कामा नये. एवढा शबूद दे."

मी शब्द दिला.

दोन हजार चोवीसचा फेब्रुवारी. तोच काठ. तीन दिवस आम्ही तो प्रसंग घेत होतो. राजनंदिनीच्या झग्याखाली दोर, बाजूला दोन पोहणारे. ती हनुवटीपर्यंत पाण्यात बसायची, आणि पुढचं सगळं पुतळ्यावर. पुतळा पुतळ्यासारखाच दिसत होता. तिसऱ्या दिवशी निर्माते स्वतः आले. त्यांनी काढलेलं पाहिलं. आवाजही चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "हा चेहरा नाही तर हा पिक्चर नाही. आणि हा नाही तर तो तुमचा दुसराही नाही. संध्याकाळी मी परत जातोय."

भागवतराव, आता तुमच्याकडं बघून बोलतो. त्या दुपारी मी तुम्हाला सांगितलं की गोरेगावहून जीप येत नाहीये, जरा रस्त्यापर्यंत जाऊन बघता का. जीपचं काही काम नव्हतं. तुम्ही काठावर नसावं म्हणून मी तुम्हाला पाठवलं.

मग मी दोर सोडायला लावला, पाण्यातून दिसतोय म्हणून. पोहणाऱ्यांना दूर सरकवलं, त्यांची सावली पडते म्हणून. राजनंदिनीला म्हणालो, "बेटा, दोन पावलं पुढं बस." तळाला वाळू उपसलेला खड्डा होता. तो कुठं आहे हे मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी बांबू घालून मी स्वतः मोजला होता.

कॅमेरा सुरू झाला. पोरगी म्हणाली, "आज्जी, मी येऊ का?" आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं, आणि ती गेली.

माझ्यासमोरच्या पडद्यावर तिचा चेहरा पाण्याखाली स्पष्ट दिसत होता. डोळे उघडे. तोच चेहरा, जो मी लहानपणापासून पाहिला होता. मला कळलं होतं की हा अभिनय नाही. कळलं नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. निर्मात्यांना, वर्तमानपत्रांना, माझ्या बायकोला. मला पहिल्या क्षणीच कळलं होतं. 'कट' हा एवढासा शब्द, तो माझ्या तोंडात होता. मी तो म्हटला नाही. नंतर मोजलं तेव्हा अकरा सेकंद भरले.

अकरा सेकंदच का? कारण बाराव्याला बाई ओरडल्या.

त्यांना गप्प उभं राहायचं होतं. तीच त्यांची भूमिका होती. पंचावन्न वर्षांची बाई, अंगावर नऊवारी, पोहता येत नाही, उभ्या आयुष्यात पुन्हा नदीत पाय घातलेला नाही. "येऊ नको! राजे, येऊ नको!" असं ओरडत त्या सरळ पाण्यात शिरल्या. त्यांचं ओरडणं ऐकून पोहणारे हलले. पण पोहणारे पोचायच्या आत बाईंनी पोरीचा झगा धरला होता. स्वतः गळ्यापर्यंत बुडत होत्या आणि तिला डोक्याच्या वर धरलं होतं. पोरगी ठसकत होती, पाणी ओकत होती. बाई तिला एकच विचारत होत्या, "राजे, हाईस का? हाईस का?"

पोरीला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पण राहिलेलं दोन दिवसांचं काम त्यांनी पुरं केलं. घेतलेलं काम अर्ध्यावर टाकायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मंडळी, माझी मोठी चूक इथंच संपली असती तर मी आज कदाचित नुसती शाल घेऊन खाली बसलो असतो. पुढं संकलनाला बसलो. माझ्यापुढं ते सगळं होतं. पोरीचं बुडणं, बाईंची हाक, बाईंचं पाण्यात शिरणं. असं चित्रीकरण जन्मात एकदा मिळतं. संकलक पोरगा ते बघून उठून बाहेर गेला आणि रडून आला. म्हणाला, "सर, हाच शेवट ठेवू. आज्जी उतरते." मी निर्मात्यांना फोन केला. ते म्हणाले, "आज्जी उतरली तर रडायचं कुणी?"

मी बाराव्या सेकंदाला कापलं. पोरीचा चेहरा ठेवला. आणि त्याच्या पुढं बाईंचा तालमीतला एक तुकडा जोडला, ज्यात त्या काठावर नुसत्या उभ्या आहेत. माझी सूचना ऐकायला थांबल्या होत्या त्या. आता पिक्चरमध्ये असं दिसतं की पोरगी बुडते आहे आणि शिवकन्याबाई बघत उभ्या आहेत.

पिक्चर चालला. हिंगोलीला सहा आठवडे. तुम्ही पाहिला. मुबश्शीरभाई, तुम्ही तर ट्रॅक्टर भरून लोक नेले होते. लोक रडले, मला हार घातले. राजनंदिनीचा फोटो भागवतरावांच्या दुकानात लागला.

आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. संगिताताईंनी मला एकदाच फोन केला. "सर, बाजारात बाया माझ्या लेकराच्या तोंडावरून हात फिरवून रडतात. हातावर खाऊ ठेवतात. शाळेत पोरं तिला निजवतात आन् भवती रडायचा खेळ खेळतात. ती निजती बी. मी तिला इचारलं, राजे, त्या दिशी काय झालतं गं? तर म्हणती, काई न्हाई, सर माझ्याकडं बघून राहिले होते."



आणि बाई? पन्नास वर्षं लोकांनी ज्यांना मेलेली पोर म्हणून पाहिलं, त्यांना आता लोक पोरीला मरू देणारी म्हातारी म्हणून बघतात. तुमच्यापैकीच कुणीतरी बाजारात त्यांना म्हणालं, "उतरायचं व्हतं की वो बाई. एवढं लहान लेकरू." हसत म्हणालं असेल. पिक्चरच तो, असं मनात धरून म्हणालं असेल. बाईंनी त्यावर काय उत्तर दिलं ते मला काकांकडून कळलं. त्या म्हणाल्या, "व्हय. उतरायचं होतं." आणि भाजीची पिशवी उचलून चालू लागल्या. माझं नाव त्यांनी कुणापुढं काढलं नाही.

ठरल्याप्रमाणे निर्मात्यांनी मला पत्र दिलं. 'शिवकन्या' या चित्रपटाला मंजुरी. मी ते घेऊन गेल्या दिवाळीत बाईंच्या घरी आलो. त्या घरी नव्हत्या. काका म्हणाले, "चाँद पाशाच्या मळ्यात गेल्या. विहिरीवर."

मी बांधावरून पाहिलं. चाँद पाशा विहिरीच्या पायऱ्यांवर उभा होता. पाण्यात दोघी होत्या. पाठीला रिकामे प्लास्टिकचे डबे बांधलेले. एक आठ-नऊ वर्षांची, एक सत्तावन्न वर्षांची. दर रविवारी बाई राजनंदिनीला पोहायला शिकायला आणत होत्या. एकटीला आणलं तर ती पाण्यात उतरेना, म्हणून स्वतःही शिकत होत्या. पोरगी थोडे हात मारायची आणि मध्येच थांबायची. उताणी व्हायची. डोळे उघडे, हालचाल नाही. चाँद पाशा वरून म्हणत होता, "बेटा, मुर्दा नको बनू. हात मार, हात. ये इकडं."

मी तिथून हललो. संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर त्यांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. एक वेलांटी चुकली होती, त्यावर बोट ठेवून मला दाखवली. मग म्हणाल्या, "चांगलं झालं. काढ पिक्चर. पण माझ्यावर नको."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "बाई, माफ करा मला."

त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नाही. म्हणाल्या, "उठ. त्या पहिल्या पिक्चरच्या मोठ्या साहेबानं माझी कवाच माफी मागितली न्हाई, ते एका परीनं बरं झालं. मागितली असती तर मला 'असू द्या' म्हणावं लागलं असतं. तू मला 'असू द्या' म्हणायला लावू नको."

मग आत जाता जाता म्हणाल्या, "चहा घेतो का?"

चहा घेतला. त्या घरात आजवर प्यालेला तो सगळ्यात जड कप.

पत्राची मुदत या जूनअखेर संपते. निर्माते तयार आहेत, पण त्यांना बाईंचीच गोष्ट हवी आहे. ती मी देणार नाही. बाईंच्या हातून तपासलेली ती पटकथा मी त्यांच्याकडून परत आणली आणि गेल्या आठवड्यात बाईंना दिली. बुडणं ते बाहेर काढणं अशी ती चित्रीकरणाची पूर्ण पट्टी मात्र मला मिळालेली नाही. करारानं ती कंपनीची आहे. मी तीनदा मागितली, वकील लावला, मिळाली नाही. मिळाली असती तर आज मी काही बोललोच नसतो. या भिंतीवर चादर लावून ती तुम्हाला दाखवली असती. ती माझ्याकडं नाही, म्हणून हे सगळं तोंडानं सांगावं लागलं.

आपल्या माहितीसाठी, गेल्या पंधरवड्यात राजनंदिनीनं ती विहीर डब्याशिवाय आरपार केली. चाँद पाशानं मला सांगितलं. बाईंना अजून पोहता येत नाही. चाँद पाशा म्हणतो, त्या हात मारायचं सोडून सारखं पोरीकडं बघतात, म्हणून बुडतात. निवृत्तीनंतर काय करणार, असं सकाळी कुणीतरी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "विहीर पुरी करणार." तुम्ही सगळे हसलात. आता कळलं असेल.

माझं भाषण संपत आलं. आयोजकांचे, अध्यक्षांचे, मंडप घालणाऱ्या मुन्नाचे आणि उन्हात इतका वेळ शांत बसलेल्या लेकरांचे मी आभार मानतो. भागवतराव, तुम्ही मघाशी उठून बाहेर गेलात आणि पुन्हा येऊन दाराशी उभे राहिलात. परत आलात, याबद्दल तुमचे वेगळे आभार. तुम्हाला मला जे म्हणायचं असेल ते मी खाली उतरल्यावर सगळ्यांदेखत म्हणा.

भाषणाच्या शेवटी आपल्याकडं रीत आहे, चुकलं-माकलं पोटात घाला असं म्हणायची. पाच मिनिटांची वेळ घेऊन मी अर्धा तास बोललो, सत्काराच्या दिवशी सभेला अवघड करून ठेवलं, मान्यवरांपैकी कुणाचं नाव राहिलं असेल, तेवढं सभेनं पोटात घालावं. बाकीचं मात्र घालू नका. बाजारात सांगा, जीपमध्ये बसाल तेव्हा शेजारच्याला सांगा, हिंगोलीला, सेनगावला, ज्यानं ज्यानं तो पिक्चर पाहिला असेल त्याला थांबवून सांगा. बाई काठावर उभ्या राहिल्या नव्हत्या. बाई पाण्यात उतरल्या होत्या.

नमस्कार.